संगणकाचे जुने दप्तर आणि त्याचा शिपाई



मागील वर्षी जून महिन्यात, शाळा नुकतीच सुरू झाली असताना, कार्यालयात एक माजी विद्यार्थिनी आली. तिला पहिली ते सातवीचे स्टडी सर्टिफिकेट हवे होते. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते जोडल्याशिवाय आपण इथले स्थानिक आहोत हे सिद्ध होत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला फक्त पाच दिवस उरले होते. अ‍ॅडमिशन रजिस्टरमध्ये तिचे नाव लगेच सापडले. पण १९९८-९९ आणि १९९९-२००० या दोन वर्षांची वर्गवार निकालपत्रके मिळेनात. ऑगस्ट २००० मध्ये हैदराबादेत जो विक्रमी पाऊस झाला, त्यात आपल्या तळमजल्यावरील कपाटात पाणी शिरले होते. नल्लकुंट्यात राहणाऱ्याला त्या पावसाबद्दल वेगळे सांगायला नको.

तरी मी निश्चिंत होते. त्याच सुमारास शाळेत पहिला संगणक आला होता आणि निकाल फ्लॉपीवर उतरवून ठेवले होते. मी तेव्हा इथे विज्ञान शिक्षिका होते. पाणी ओसरल्यावर स्टाफरूममध्ये मीच ऐटीने म्हटले होते, "बघा, कागद भिजला पण फ्लॉपी वाचली!" बिस्किटाच्या एका डब्यात सात निळ्या फ्लॉप्या नीट नावे लिहून ठेवलेल्या होत्या. डबा सापडला, फ्लॉप्याही सापडल्या. पण शाळेतील एकाही संगणकाला आता फ्लॉपी घालायची फटच नाही.

एका पालकांनी सिकंदराबादच्या पार्कलेनमधून बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवून दिला. सातपैकी चार फ्लॉप्यांनी नुसतीच करकर केली. तीन उघडल्या, पण पडद्यावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे आली. त्या वेळचे संगणक शिक्षक आता पुण्याला असतात. त्यांना फोन लावला तेव्हा कळले की ती फाइल कोणत्या जुन्या प्रोग्रॅमची आहे. तो प्रोग्रॅम मिळवला आणि चिन्हांची नावे झाली. नेमकी आम्हाला हवी होती ती दोन वर्षे मात्र करकर करणाऱ्या चार फ्लॉप्यांत होती. आपल्या मराठीत 'वाचणे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. फ्लॉपी वाचली होती, पण वाचता येत नव्हती.

या धावपळीत नववीतला एक विद्यार्थी मदतीला होता. त्याने विचारले, "मॅडम, पूर्वी खोलीभर मोठे संगणक असायचे म्हणतात. त्यांना फ्लॉपी नव्हती, मग ते सगळे लक्षात कशात ठेवत?" त्या दिवशी मी घाईत अर्धेच उत्तर दिले. उरलेले इथे देते. त्या मुलीच्या सर्टिफिकेटचे काय झाले, तेही शेवटी येईल.

लोहाच्या मण्यांचे जाळे

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकाच्या मध्यावर तरुणांचा एक गट संगणक बनवायच्या मागे लागला. त्यांच्यातील बहुतेकांनी तोवर संगणक हाताळलेलाही नव्हता. १९५६ मध्ये त्यांचे लहानसे नमुना यंत्र चालू झाले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे. पुढे १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले टिफ्रॅक. त्यात हजारो व्हॉल्व्ह होते. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्या आजी-आजोबांना व्हॉल्व्ह म्हणजे काय ते ठाऊक आहे.

या टिफ्रॅकची स्मृती म्हणजे मण्यांचे जाळे होते. फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक बारीक कड्या आणि प्रत्येक कडीतून ओवलेल्या तारा. इंदूरला हिंदी माध्यमातून बी.एस्सी. करताना आमच्या पुस्तकात याला 'क्रोड स्मृति' म्हटले होते, आणि मला कित्येक दिवस वाटत होते की एक करोड गोष्टी लक्षात राहतात म्हणून हे नाव! क्रोड म्हणजे गाभा, इंग्रजीतला कोअर, हे नंतर समजले.

कडी एका दिशेने चुंबकित झाली की एक, उलट दिशेने झाली की शून्य. आडवी एक तार, उभी एक तार. कडी उलटवायला जेवढी वीज लागते तिच्या निम्मी आडव्या तारेतून आणि निम्मी उभ्या तारेतून सोडायची. जिथे दोन्ही तारा एकमेकींना छेदतात, त्या एकाच कडीला पूर्ण वीज मिळते आणि तीच उलटते. बाकीच्या कड्या निम्म्या विजेला दाद देत नाहीत. टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार करून पाहा: ८१,९२० बिट, म्हणजे तेवढ्याच कड्या. आजच्या भाषेत हे दहा किलोबाइट झाले. सकाळी सकाळी मोबाइलवर येणारे एखादे 'शुभ प्रभात' चे चित्र त्यात मावणार नाही.

यातली खरी गंमत वाचण्यात आहे. कडीत काय आहे हे नुसते पाहून कळत नाही. तिला शून्याकडे ढकलून पाहावे लागते. ती उलटली, तर तिसऱ्या तारेत बारीकसा झटका येतो आणि कळते की आत एक होता. पण उलटली म्हणजे तो एक पुसलाही गेला! म्हणून यंत्र प्रत्येक वाचनानंतर तीच गोष्ट लगेच परत लिहून ठेवी. वाचले की पुसले, पुसले की लिहिले, आणि हे सगळे सेकंदाच्या लाखाव्या भागांत. वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व मात्र जात नसे. अमेरिकेत एमआयटी संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९५३ मध्ये व्हर्लविंड संगणकाला अशी स्मृती बसवली, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे जगभर तिचेच राज्य होते.

तिच्या आधी ढोल होता, तोही आपल्या देशात आला होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ मध्ये ब्रिटनहून आणलेल्या संगणकात चुंबकीय लेप दिलेला फिरता ढोल हीच स्मृती होती, १,०२४ शब्दांची. ढोल गरगर फिरतो आणि हवा असलेला शब्द वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते. त्या काळचे हुशार प्रोग्रॅमर पुढची आज्ञा ढोलावर अशा जागी लिहीत की आधीची आज्ञा संपता संपता ती बरोबर टोकाखाली यावी. ही चुकली की पुढच्या फेरीची वाट पाहा.

कार्ड, फिती आणि एका शिक्षकाची तबकडी

दहा किलोबाइटमध्ये गणित मावते, पण विमा कंपनीचे लाखो ग्राहक मावत नाहीत. ते बाहेर ठेवावे लागतात. सुरुवातीला ते पंच केलेल्या कार्डांवर ठेवत. पोस्टकार्डाहून थोडे मोठे कार्ड, त्यात ८० स्तंभ, प्रत्येक स्तंभात भोके पाडून एक अक्षर किंवा अंक. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीत आयबीएमचा १४०१ संगणक आला. त्याचे कार्ड वाचणारे यंत्र मिनिटाला ८०० कार्डे गिळत असे. पुढे मुंबईच्याच कारखान्यात आयबीएम वापरलेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून भाड्याने देऊ लागली. परदेशात जुनी झालेली यंत्रे आपल्या गळ्यात मारतात, अशी टीका त्या वेळी खूप झाली. टीका खरीच होती; पण या देशातील एक अख्खी पिढी त्याच यंत्रांवर शिकली हेही खरे.

कार्डानंतर फीत. अर्धा इंच रुंद, २,४०० फूट लांब चुंबकीय फीत, साडेदहा इंचांच्या चाकावर गुंडाळलेली. दर इंचाला ५५६ अक्षरे. मध्ये जागा न सोडता लिहिले तर एका फितीवर एक कोटी साठ लाख अक्षरे, म्हणजे दोन लाख कार्डे मावतात. प्रत्यक्षात दोन नोंदींमध्ये मोकळी जागा सोडावी लागे, म्हणून हिशोब कमी भरे. जड चाक एकदम थांबवले किंवा एकदम फिरवले तर फीत तुटणार. त्यावर १९५२ मध्ये आयबीएमच्या इंजिनिअरांनी छान युक्ती काढली. चाक आणि वाचणारे टोक यांच्या मध्ये फितीचा सैल झोळ एका उंच अरुंद पेटीत सोडायचा आणि पेटीतली हवा खालून ओढून घ्यायची. हिसका बसतो तो हलक्या झोळाला, चाकाला नाही. जुन्या हिंदी सिनेमात 'कॉम्प्युटर' म्हणून चाके झटक्याने पुढेमागे फिरताना दाखवीत, ती हीच.

फितीचा दोष कॅसेट वापरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेवटचे भजन ऐकायचे तर आधीची सगळी ओलांडावी लागतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर मात्र सुई उचलून हवी तिथे ठेवता येते. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचा संगणक जाहीर केला. त्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर उभ्या रचल्या होत्या आणि वाचणारा हात वर-खाली जाऊन हव्या त्या तबकडीवर शिरत असे. पन्नास तबकड्या मिळून पन्नास लाख अक्षरे. यंत्राचे वजन एक टनाच्या वर.

हे काम ज्यांच्या हाताखाली झाले ते रेनॉल्ड जॉन्सन मूळचे कोण होते? मिशिगनमधील एका हायस्कूलचे विज्ञान शिक्षक! उत्तरपत्रिका तपासून कंटाळलेल्या या गृहस्थांनी पेन्सिलच्या खुणा विजेने ओळखून गुण देणारे यंत्र बनवले. आयबीएमने ते विकत घेतले आणि १९३४ मध्ये त्यांनाही नोकरीत घेतले. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितले तेव्हा दोन शिक्षकांनी लगेच राजीनाम्याची तयारी दाखवली.

१९६२ पासून तबकड्यांचा संच काढता-घालता येऊ लागला. झाकण आणि मूठ असलेल्या डब्यात एकावर एक सहा ताटे, वजन साडेचार-पाच किलो. हिशेबाचा संच काढा, पगाराचा संच बसवा. १९६४ च्या सिस्टीम ३६० या मालिकेबरोबर आलेल्या २३११ या ड्राइव्हवर अशा एका संचात सव्वासात मेगाबाइट मावत.

चिठ्ठी नेणारे मामा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला भागही हाच.

या २३११ तबकडीवरील एक नोंद शोधून आणायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागे. आपल्याला हे जलद वाटेल. पण त्या काळच्या स्मृतीत दोन मायक्रोसेकंदांत एकदा डोकावता येई असे धरले, तर तेवढ्या वेळात पन्नास हजार वेळा डोकावून होते. हे आपल्या मापात आणू. माझ्या टेबलावरचा कागद पाहायला मला एक सेकंद लागतो असे समजा. मग तळघरातील रजिस्टर आणायला पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास लागतील! सुरुवातीच्या पुष्कळ यंत्रांत सीपीयू, म्हणजे संगणकाचा मुख्य भाग, स्वतःच असा ताटकळत बसे. मुख्याध्यापिकेने सगळी कामे सोडून तळघराच्या दारात चौदा तास उभे राहावे, तसे. लाखो रुपये भाडे असलेल्या यंत्राने असे उभे राहणे कोणाला परवडणार?

यावर उपाय आपल्याकडे प्रत्येक शाळेत आहे. शिपाई ठेवायचा. हैदराबादेत आपण अटेंडर म्हणतो, मुले मामा म्हणतात. संगणकात या मामांचे नाव 'चॅनल'. आयबीएमच्या १९५८ मधील ७०९ या यंत्रात असे काम करणारे वेगळे कपाट आले, आणि ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या सिस्टीम ३६० मध्ये त्याला पक्के नियम मिळाले.

चॅनल हाही एक छोटा संगणकच, पण त्याला एकच काम येते, ने-आण. सीपीयू त्याच्यासाठी स्मृतीत एक चिठ्ठी लिहून ठेवतो. चिठ्ठी बरोबर आठ बाइटची. तिच्यात चार गोष्टी: काय करायचे, वाचायचे की लिहायचे, आणलेला मजकूर स्मृतीत कोणत्या जागेपासून ठेवायचा, किती अक्षरे, आणि या चिठ्ठीनंतर दुसरी चिठ्ठी टाचलेली आहे की नाही. मग सीपीयू फक्त 'सुरू करा' एवढी एक आज्ञा देतो आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागतो. मामा चिठ्ठ्यांची माळ घेऊन निघतात. पहिली चिठ्ठी, हात अमुक वर्तुळावर न्या. दुसरी, अमुक क्रमांकाची नोंद आली का पाहा. तिसरी, नसेल आली तर मागची चिठ्ठी परत वाचा. चौथी, आली की उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवा. सगळे झाले की घंटा वाजवतात. या घंटेला इंटरप्ट म्हणतात. घंटा वाजली की सीपीयू हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून पाहतो, काम नीट झाले की काही बिघडले.

मामा दोन प्रकारचे होते. एक सिलेक्टर चॅनल. हा पाण्याच्या टँकरसारखा. ज्याच्या हौदात पाइप सोडला त्याचा हौद भरेपर्यंत दुसऱ्याकडे पाहणार नाही. तबकडी आणि फीत अशी वेगवान यंत्रे याच्याकडे. दुसरा मल्टिप्लेक्सर चॅनल, हा पंगतीत वाढणारा. जेवणारे सावकाश जेवतात, म्हणून वाढपी याच्या पानात एक पोळी, त्याच्या पानात एक पोळी टाकत फिरतो आणि प्रत्येकाला वाटते की आपल्याकडेच लक्ष आहे. कार्ड वाचणारी यंत्रे, छपाई यंत्रे, टर्मिनल ही या पंगतीत बसत.

टँकरवाल्या मामांत एक दोष राहिला होता. नोंद फिरून टोकाखाली येईपर्यंत ते तिथेच टक लावून बसत, आणि तेवढा वेळ त्यांच्या वाटेवरची बाकीची सगळी यंत्रे खोळंबत. १९७० च्या सिस्टीम ३७० पासून हेही सुधारले. तबकडीला सांगून ठेवायचे, 'नोंद जवळ आली की हाक मार', आणि मामा तोवर दुसऱ्या तबकडीचे काम करून येत. ही युक्ती मला सर्वांत आवडते, कारण कार्यालयात आम्हीही हेच करतो.

चॅनलपासून यंत्रांपर्यंत मनगटाएवढ्या वाटाव्यात अशा जाड केबलच्या जोड्या जमिनीखालून जात. एकीचे नाव बस, तिच्यातून मजकूर जाई. दुसरीचे नाव टॅग, ती सांगे की बसमध्ये आता जे आहे ते आज्ञा आहे, पत्ता आहे की मजकूर. एका यंत्रातून केबल निघून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्या यंत्राला एक बूच बसवायचे. ते बूच बसवायला विसरले तर विजेचे संकेत टोकावरून उलटे फिरून गोंधळ घालत. दोनशे फुटांपलीकडे केबल नेता येत नसे. पण नियम एकदा छापून पक्के झाल्यामुळे कोणत्या कंपनीचे कोणते यंत्र या केबलला जोडायचे ते ठरवता येऊ लागले. दुसऱ्या कंपन्यांनी स्वस्त तबकड्या बनवून आयबीएमच्याच संगणकांना जोडायला सुरुवात केली, ती यामुळेच.

मुंबईत टाटा संस्थेने १९६४ मध्ये टिफ्रॅकच्या जागी अमेरिकेतील कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० आणला, तेव्हा त्यालाही असेच चॅनल होते. शिवाय टेबलाएवढा १६०-ए नावाचा एक छोटा संगणक केवळ मदतनीस म्हणून बरोबर होता. देशभरातील विद्यापीठे आपले काम तिथे पाठवीत. आणि १९७४ मध्ये पवईच्या आयआयटीत सोव्हिएत ईसी १०३० आला, तो तर सिस्टीम ३६० च्याच आराखड्यावर बेतलेला. शीतयुद्ध चालू होते, पण चिठ्ठी आठ बाइटचीच होती!

ट्रॉम्बेहून कुशाईगुड्याला

विद्यार्थी मित्रांनो, 'ईसीआयएल एक्स रोड्स' अशी पाटी लावलेल्या बस तुम्ही रोज पाहता. ईसीआयएल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, अणुऊर्जा विभागाची कंपनी, स्थापना ११ एप्रिल १९६७. तिचे पहिले प्रमुख ए. एस. राव, ए. एस. राव नगर त्यांच्याच नावाचे. या कंपनीच्या पहिल्या संगणकाचे नाव होते टीडीसी १२. यातला टी म्हणजे ट्रॉम्बे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ट्रॉम्बेला, या संगणकाचा पाया घातला गेला आणि उत्पादन आपल्या हैदराबादेत झाले. १९६९ मध्ये टीडीसी १२, पुढे १९७० च्या दशकाच्या मध्यावर टीडीसी ३१२ आणि टीडीसी ३१६. शेवटचे आकडे शब्दाची लांबी सांगतात: बारा बिट, सोळा बिट.

ही छोटी यंत्रे होती, मेनफ्रेम नव्हती. पण यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सर्किट आपल्या इंजिनिअरांनी जमवले. अडचण आली ती फीत आणि तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांची, जिथे केसाहून कमी अंतर सांभाळायचे असते. ती बहुतांशी बाहेरून आणावी लागत. डोके इथे तयार झाले, पण दप्तर परदेशातून यायचे.

१९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. मालकी हक्काच्या नियमांवरून सरकारशी पटले नाही. देशभर पसरलेली तिची यंत्रे मात्र इथेच राहिली, आणि त्यांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. ज्या कंपनीने यंत्रे बनवली ती निघून गेली, तरी लोकांचे पगार आणि विम्याचे हिशेब चालू राहिले. कारण केबल कुठे जोडायची, झोळ कसा बसवायचा, चिठ्ठी कशी वाचायची हे हातात असलेली माणसे इथे होती. आपल्या वस्तीतही अशा नोकऱ्या केलेले आजोबा आहेत. ते फारसे बोलत नाहीत, विचारले तर सांगतात.

पुढे ईसीआयएलने कंट्रोल डेटाच्याच सहकार्याने 'मेधा' नावाचे मोठे संगणकही बनवले. आणि चॅनल आजही गेलेला नाही. आजच्या मेनफ्रेमलाही चॅनल असतात. १९९० मध्ये जाड केबलच्या जागी काचेचा तंतू आला, एवढाच फरक. फीतही गेली नाही. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एका फितीच्या पेटीत १८ टेराबाइट मावतात, आणि मोठ्या संस्था अजून फितीवरच जुने दप्तर ठेवतात.

माणसे नसली तर काय होते त्याची एक गोष्ट सांगते. १९६६-६७ मध्ये अमेरिकेच्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली. त्यांचे मूळ संकेत सुमारे दीड हजार फितींवर होते. फिती जपल्या गेल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची मोठी यंत्रे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. नासाच्या नॅन्सी इव्हान्स नावाच्या बाईंनी त्यांतली चार आपल्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. शेवटी काही मंडळींनी ती दुरुस्त केली, एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्स हॉटेलात बसून, आणि २००८ मध्ये चंद्रामागून दिसणारी पृथ्वी पूर्वी कधी नव्हती इतकी स्पष्ट दिसली. मूळ चित्र १९६६ चे. ते बेचाळीस वर्षे फितीवर होतेच.

आता आपल्या सर्टिफिकेटकडे. भिजलेली निकालपत्रके टाकून दिली असा आम्हा सर्वांचा समज होता. चौथ्या दिवशी जुन्या कागदांत कापडात बांधलेले एक गाठोडे मिळाले. तेव्हाच्या आपल्या शिपाईमामांनी, जे आता हयात नाहीत, ती पत्रके गच्चीवर एक एक पान सुटे करून वाळवली होती आणि बांधून ठेवली होती. कोणी सांगितले नव्हते. शाई पसरली होती, पण हजेरी क्रमांक आणि नाव लागत होते. सर्टिफिकेट त्याच दिवशी दिले. नोकरीचा निकाल अजून यायचा आहे.

शाळेची सर्व रजिस्टरे स्कॅन करून कागद काढून टाकावेत, जागा मोकळी होईल, असा प्रस्ताव सध्या व्यवस्थापन समितीपुढे आहे. स्कॅन अवश्य करावे, पण कागद ठेवावेत, दर पाच वर्षांनी नव्या साधनावर प्रत उतरवावी आणि फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडते ते कागदावर लिहून ठेवावे, असे मी लेखी कळवले आहे. पालकांनी आपले मत कार्यालयात द्यावे.

ज्यांच्या घरी पंच केलेले कार्ड, फितीचे चाक, कोअरची पाटी किंवा असे काही माळ्यावर पडले असेल, त्यांनी ते विज्ञान प्रदर्शनापुरते द्यावे, जपून परत करू. आणि ईसीआयएल, सीएमसी किंवा रेल्वेच्या संगणक विभागात काम केलेल्या ज्येष्ठांनी कोणत्याही शनिवारी तिसऱ्या तासाला नववीच्या वर्गात यावे. फार तयारी नको, फीत कशी चढवत ते हाताने करून दाखवले तरी मुलांना पुरेल.